नवं मॉडेल आणलं आणि विक्री पडली? इलेक्ट्रिक गाड्यांच्या आकड्यांतून छोट्या उद्योजकाने काय शिकायचं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'प्रॉडक्ट कधी बदलायचं' हा विषय घेतला. व्हिडिओत वेळ कमी असतो, आकडे पटापट निघून जातात. म्हणून इथे सगळं सावकाश, आकड्यांसकट मांडतो. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गणित करायचं आहे.

एक आकडा आधी लिहून घ्या : ३०,६८८.

फेब्रुवारी २०२५ मध्ये टेस्लाच्या चीनमध्ये बनलेल्या एवढ्या गाड्या विकल्या गेल्या. आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीपेक्षा तब्बल ४९ टक्के कमी. बातम्या आल्या, चर्चा झाल्या. एक गट म्हणाला, 'टेस्ला संपली.' दुसरा गट म्हणाला, 'अहो, काही नाही, नवीन मॉडेल येतंय म्हणून लोक थांबलेत.'

आता तुम्ही त्या कंपनीचे मालक आहात असं समजा. दोन्हीपैकी कुणाचं ऐकाल? चुकीच्या गटाचं ऐकलं तर एकतर घाबरून भाव पाडाल, नाहीतर निवांत बसून राहाल आणि दुकान हातातून जाईल. तुमच्या धंद्यातही हाच प्रश्न येणार आहे. मसाल्याचं पाकीट बदला, कुर्त्यांचं डिझाइन बदला, मशीनचं मॉडेल बदला, विक्री एकदा तरी हलणारच. ती का हलली हे ओळखता आलं पाहिजे. आज तेच शिकू.

आधी झालं काय ते बघू

टेस्लाची मॉडेल वाय ही तिची सगळ्यात जास्त खपणारी गाडी. १० जानेवारी २०२५ ला कंपनीने चीनमध्ये तिचं नवं रूप बाजारात आणलं. पुढचे-मागचे दिवे बदलले, आतली मांडणी बदलली, सस्पेन्शन सुधारलं, आवाज कमी केला. मग तेच मॉडेल बाकी देशांत आणायचं ठरलं. त्यासाठी शांघाय, बर्लिनजवळचा कारखाना, अमेरिकेतले फ्रीमाँट आणि ऑस्टिन अशा चारही ठिकाणच्या लाइन बदलाव्या लागल्या.

लाइन बदलायची म्हणजे लाइन थांबवायची. चालत्या गाडीचं चाक कुणी बदलत नाही.

जानेवारी ते मार्च २०२५ या तिमाहीत टेस्लाने जगभरात ३,३६,६८१ गाड्या ग्राहकांच्या हातात दिल्या. आदल्या वर्षी याच तिमाहीत हा आकडा ३,८६,८१० होता. म्हणजे साधारण १३ टक्के घट. कंपनीने स्वतःच सांगितलं की चारही कारखान्यांत मॉडेल वायची लाइन बदलल्यामुळे कित्येक आठवड्यांचं उत्पादन बुडालं.

इथपर्यंत दुसरा गट बरोबर वाटतो ना? थांबा, पुढची तिमाही बघू.

एप्रिल ते जून २०२५. लाइन चालू झाल्या, नवी गाडी शोरूममध्ये आली. विक्री किती? ३,८४,१२२. आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीत ४,४३,९५६. म्हणजे घट साधारण साडेतेरा टक्के!

लाइन बंद होत्या तेव्हा १३ टक्के घट, आणि लाइन चालू झाल्यावरही साडेतेरा टक्के. मग आता सगळा दोष नव्या मॉडेलवर ढकलता येईल का? नाही. चीनमध्ये बीवायडीसारख्या कंपन्यांची स्पर्धा होती, युरोप-अमेरिकेत कंपनीच्या मालकाच्या राजकारणावरून ग्राहक नाराज होते, आणि गाड्यांची श्रेणीही फारशी वाढलेली नव्हती.

जुलै ते सप्टेंबरला मात्र आकडा उडाला. ४,९७,०९९! कंपनीच्या इतिहासातली तोवरची सगळ्यात मोठी तिमाही. नवं मॉडेल चाललं म्हणून? थोडंफार असेलही. पण अमेरिकेत इलेक्ट्रिक गाडीवर मिळणारी ७,५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबरला संपणार होती. उद्यापासून भाव वाढणार म्हटल्यावर आज रांग लागणारच. पुढच्या तिमाहीत आकडा परत ४,१८,२२७ वर आला. वर्षाचा हिशोब : २०२४ मध्ये १७,८९,२२६, २०२५ मध्ये १६,३६,१२९.

पहिला धडा इथेच लिहून घ्या : नव्या मॉडेलमुळे पडलेल्या खड्ड्याला शेवटची तारीख असते. नवा माल पुरेसा उपलब्ध झाल्यावरही खड्डा भरला नाही, तर कारण दुसरीकडे आहे. तिथे शोधा.

खड्डा पडतो कसा? तीन कारणं

पहिलं कारण : ग्राहक थांबतो.

'दिवाळीत नवीन येतंय' असं कळलं की शहाणा माणूस आज जुनं घेत नाही. धंद्याच्या जगात याला ऑस्बोर्न इफेक्ट म्हणतात. ॲडम ऑस्बोर्न यांचं बालपण तमिळनाडूत गेलं आणि २००३ मध्ये त्यांचं निधनही कोडाईकनालला झालं. १९८१ मध्ये त्यांनी उचलून नेता येईल असा ऑस्बोर्न-१ हा संगणक १,७९५ डॉलरला बाजारात आणला. वजन दहा किलोच्या वर, तरी धडाक्यात खपला. १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलची चर्चा आधीच बाहेर पडली, दुकानदारांनी जुन्याच्या ऑर्डर थांबवल्या, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जाणकार सांगतात की इतरही कारणं होती, हिशोब आणि व्यवस्थापन ढिलं होतं. खरं आहे. पण आतून ढिल्या असलेल्या कंपनीला विक्रीचे दोन-तीन कोरडे महिने झेपत नाहीत, हेही तितकंच खरं.

आता टेस्लाने काय केलं बघा. जून २०२४ मध्ये मॉडेल वायच्या नव्या रूपाच्या वावड्या उठल्या होत्या. तेव्हा इलॉन मस्क यांनी जाहीर सांगितलं की या वर्षी नवं रूप येणार नाही. आणि ते आलं जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे शब्दही खोटा पडला नाही आणि वर्षभराची विक्रीही थांबली नाही. ग्राहकाशी खोटं बोलायचं नाही, पण माल हातात नसताना ढोलही वाजवायचा नाही.

दुसरं कारण : उत्पादन थांबतं.

२०२१ चं उदाहरण घ्या. जानेवारी २०२१ मध्ये टेस्लाने मॉडेल एस या महागड्या गाडीचं नवं रूप जाहीर केलं. त्या जानेवारी-मार्च तिमाहीत मॉडेल एस आणि मॉडेल एक्स या दोन्ही गाड्यांचं उत्पादन होतं शून्य. चक्क शून्य. आदल्या तिमाहीत या दोन्ही मिळून जवळपास १९ हजार गेल्या होत्या, या तिमाहीत गेल्या २,०२०. नवी मॉडेल एस ग्राहकांना मिळायला जून उजाडला.

तरी कंपनीला धक्का बसला नाही. का? कारण त्याच तिमाहीत तिने एकूण १ लाख ८४ हजारांहून जास्त गाड्या दिल्या, आणि त्यात जवळपास सगळ्या मॉडेल ३ आणि मॉडेल वाय होत्या. घर दुसऱ्याच गाड्यांवर चालत होतं. २०२५ मध्ये मात्र ज्या गाडीवर घर चालतं तीच बदलायला घेतली, म्हणून तोच प्रकार पूर्ण आकड्यात दिसला.

तुमच्यासाठी प्रश्न : तुमचं घर कोणत्या मालावर चालतं? तोच बदलणार असाल तर दुसरा कोणता माल तेवढे दिवस चूल पेटती ठेवेल?

तिसरं कारण : जुना माल अडकतो.

नवं आलं की जुनं एका रात्रीत 'जुनं' होतं. दुकानदार सूट मागतो. सूट दिली की नफा जातो, नाही दिली की पैसा गोडाऊनमध्ये अडकतो. आणि जुना स्वस्तात मिळतोय म्हटल्यावर काही ग्राहक नव्याकडे वळतच नाहीत. म्हणजे तुमचा जुना माल तुमच्याच नव्या मालाचा स्पर्धक होतो.

चेहरा बदलला म्हणजे नशीब बदलतं का?

निस्सान लीफ ही जगातली सुरुवातीची गाजलेली इलेक्ट्रिक गाडी. अमेरिकेत २०१४ मध्ये ३०,२०० लीफ खपल्या. मग उतार लागला : २०१५ मध्ये १७,२६९, २०१६ मध्ये १४,००६, २०१७ मध्ये ११,२३०. कंपनीने सप्टेंबर २०१७ मध्ये पूर्ण नवी लीफ दाखवली. चेहरा नवा, बॅटरी मोठी, ४० किलोवॅट-तासांची. २०१८ मध्ये विक्री किती झाली? १४,७१५.

वाढली की! आदल्या वर्षीपेक्षा ३१ टक्के. जाहिरातीत लिहायला मस्त आकडा. पण २०१४ च्या निम्मासुद्धा नाही.

कारण सोपं आहे. इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, 'एका चार्जमध्ये किती जाते?' नवी लीफ अमेरिकी मोजणीनुसार साधारण २४० किलोमीटर जायची. शेवरोलेची बोल्ट त्याआधीच बाजारात आली होती आणि ती जायची साधारण ३८० किलोमीटर. निस्सानने स्वतःच्या जुन्या गाडीपेक्षा चांगली गाडी बनवली, पण ग्राहक तुलना तुमच्या जुन्या मालाशी करत नाही, शेजारच्या दुकानातल्या मालाशी करतो.

आता उलटं उदाहरण. हीच बोल्ट. २०२१ मध्ये बॅटरीला आग लागण्याच्या प्रश्नामुळे गाड्या परत बोलवाव्या लागल्या, उत्पादन थांबलं. २०२२ मध्ये कंपनीने २०२३ च्या मॉडेलची किंमत जवळपास सहा हजार डॉलरने कमी करून २६,५९५ डॉलरवर आणली. वर करसवलतही मिळत होती. एप्रिल २०२३ मध्ये तर कंपनीने जाहीर केलं की वर्षाअखेर ही गाडी बंद होणार. ऑस्बोर्न इफेक्टप्रमाणे विक्री पडायला हवी होती ना? पण २०२२ मध्ये ३८,१२० आणि २०२३ मध्ये ६२,०४५ गाड्या खपल्या. नवं रूप नाही, नवा चेहरा नाही. त्या किमतीत दुसरी गाडीच नव्हती, म्हणून लोक थांबले नाहीत.

दुसरा धडा : ग्राहक थांबतो तो नव्या मॉडेलसाठी नाही, चांगल्या व्यवहारासाठी. आजच्या घडीला तुमचा व्यवहारच सगळ्यात चांगला असेल, तर तो उद्याची वाट बघत नाही.

आपल्याकडे काय झालं

लांब कशाला जायचं, आपली नेक्सॉन ईव्ही घ्या. टाटांनी ती जानेवारी २०२० मध्ये १३.९९ लाखांपासून आणली आणि देशातली इलेक्ट्रिक कारची बाजारपेठ खऱ्या अर्थाने तिथून वाढली. १४ सप्टेंबर २०२३ ला तिचं नवं रूप आलं, किंमत १४.७४ लाखांपासून. मोठी स्क्रीन, नवे दिवे, नवी नावं.

आणि पाच महिन्यांत, फेब्रुवारी २०२४ मध्ये, कंपनीने नेक्सॉन ईव्हीची किंमत १.२० लाखांपर्यंत कमी केली. बॅटरी सेलचे भाव उतरले होते, तो फायदा ग्राहकाला देतो असं कंपनीने सांगितलं. त्याच सप्टेंबरच्या सणासुदीत सुरुवातीची किंमत १२.४९ लाखांवर आली. म्हणजे वर्षभरात चेहरा एकदा बदलला, किंमत दोनदा.

तेवढ्यात एमजीने विंडसर आणली. सप्टेंबर २०२४, किंमत ९.९९ लाखांपासून, पण बॅटरीचे पैसे वेगळे, किलोमीटरला साडेतीन रुपये भाड्याने. बॅटरीसकट घ्यायची तर १३.५० लाखांपासून. इतरांनी गाडीचा चेहरा बदलला, एमजीने पैसे देण्याची पद्धत बदलली. बघता बघता विंडसर देशातल्या सर्वाधिक खपणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांत पहिल्या ओळीत जाऊन बसली.

मित्रांनो, 'रिडिझाइन' म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे नवं पाकीट, नवा लोगो येतो. पण छोट्या पाकिटात विकणं, हप्त्याने देणं, भाड्याने देणं, डबा परत घेऊन रिफिल देणं, हेही रिडिझाइनच आहे. आणि त्यात साचा बदलावा लागत नाही, लाइन थांबत नाही, जुना माल अडकत नाही.

जाता जाता : टेस्लाचं भारतातलं पहिलं शोरूम १५ जुलै २०२५ ला मुंबईत बीकेसीला उघडलं, तेव्हा थेट नवी मॉडेल वायच ठेवली, ५९.८९ लाखांपासून. आपल्याकडे जुनी विकायचीच नव्हती, त्यामुळे जुन्या मालाचा प्रश्नच आला नाही. नवं मॉडेल नव्या बाजारात आधी न्यायचं, ही युक्ती छोट्या धंद्यालाही जमते.

आता तुमचं गणित

समजा तुमचा घरघंटी बनवण्याचा व्यवसाय आहे. आकडे मी उदाहरणासाठी धरतोय, तुम्ही तुमचे टाका.

महिन्याला ४० घरघंट्या जातात. मालाचा खर्च वजा जाता एकीमागे २,५०० रुपये राहतात, म्हणजे १,००,०००. भाडं, पगार, वीज, बँकेचा हप्ता मिळून ७०,०००. हातात उरतात ३०,०००.

तुम्ही नवं मॉडेल काढायचं ठरवता. साचे आणि नवं कॅबिनेट यांचा खर्च १,५०,०००. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, 'दीड लाखात काम होईल.'

होत नाही! पुढे बघा.

तुम्ही गणपतीतच व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, 'दिवाळीला नवं मॉडेल!' ग्राहक थांबले. विक्री ४० वरून १५ वर आली. १५ गुणिले २,५०० म्हणजे ३७,५००. खर्च मात्र ७०,००० च. महिन्याला ३२,५०० खिशातून. दोन महिन्यांचे ६५,०००.

दिवाळीला नवं मॉडेल आलं, पण जुन्या २० घरघंट्या पडून आहेत. प्रत्येकी १,५०० सूट दिली, गेले ३०,०००.

एकूण : १,५०,००० + ६५,००० + ३०,००० = २,४५,०००. आणि नव्या मॉडेलचा कच्चा माल घ्यायला लागणारे पैसे यात धरलेले नाहीत.

तुम्ही तयारी केली दीड लाखाची, लागले अडीच लाख. मधले ९५,००० कुठून आणणार? इथे माणूस सोनं गहाण टाकतो, नाहीतर खासगी सावकाराकडे जातो. नवं मॉडेल चांगलं असूनही धंदा बुडतो, तो याच खड्ड्यात. मोठ्या कंपनीकडे एक वाईट तिमाही काढायला बँकेत पैसा असतो. तुमच्याकडे किती महिन्यांचा आहे?

म्हणून हे पाच नियम

१. जुना माल आधी, घोषणा नंतर. गोडाऊनमध्ये आणि दुकानदारांकडे मिळून किती नग आहेत ते मोजा. कच्चा माल हळूहळू कमी मागवा. जुने नग बोटावर मोजण्याइतके राहिले की मगच फोटो टाका. वरच्या उदाहरणात नुसती ही शिस्त पाळली असती तर ९५,००० मधला मोठा भाग वाचला असता.

२. मंदीच्या महिन्यात लाइन बदला. तुमच्या धंद्याचा थंड महिना कोणता? कुणाचा पितृपक्ष, कुणाचा आषाढ. थांबायचंच आहे तर तेव्हा थांबा. सीझनला नवा माल दुकानात तयार हवा.

३. सगळं एकदम बदलू नका. टेस्लाने चारही कारखाने एकाच तिमाहीत बदलले कारण तिला झेपत होतं. तुम्ही आधी एक आकार, एक चव, एक रंग बदला. बाकीचे कमावत राहतील.

४. बदल ग्राहकाच्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते एका वाक्यात लिहा. 'दिसायला छान' हे उत्तर नाही. 'आवाज कमी येतो, त्यामुळे फ्लॅटमध्येही वापरता येते' हे उत्तर आहे. वाक्य लिहिता आलं नाही तर साच्याला पैसे देऊ नका. आणि शेजारच्या दुकानातला माल आणून शेजारी ठेवून बघा.

५. जुन्या ग्राहकाला सांभाळा. कालच ज्याने जुनं घेतलं त्याला आज नवं दिसलं की तो दुखावतो. गेल्या महिन्याभरात घेतलेल्यांना स्वतः फोन करा. बदलून देता येत असेल तर फरकाचे पैसे घेऊन द्या, नाहीतर एक सर्व्हिसिंग मोफत द्या. जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळत राहतील हेही सांगा. तुमचा पुढचा ग्राहक त्याच्याच तोंडून येतो.

आकडे वाचायचे कसे

नवं मॉडेल आल्यावर पहिल्या महिन्याची विक्री बघून पेढे वाटू नका. त्यात थांबलेले ग्राहक एकदम आलेले असतात. खड्डा बघून घाबरू नका, उंचवटा बघून नाचू नका. खड्डा आणि उंचवटा दोन्ही मिळून सरासरी काढा. मग चौथ्या, पाचव्या, सहाव्या महिन्याची विक्री आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून बघा. दिवाळीची तुलना दिवाळीशी, श्रावणाची श्रावणाशी. आणि त्या काळात दुसरं काही घडलं का तेही शेजारी लिहा : भाव बदलला, समोर नवं दुकान आलं, सवलत संपली. टेस्लाचा सप्टेंबर २०२५ चा आकडा आठवतोय ना? शेजारी 'सवलत संपणार' असं लिहिलं नाही, तर सगळं श्रेय चुकून नव्या मॉडेलला जातं.

आता गृहपाठ. तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या मालाचे तीन आकडे आज रात्री वहीत लिहा : शिल्लक नग किती, महिन्याचा बांधील खर्च किती, आणि विक्री निम्मी झाली तर किती महिने तग धराल. तिसरा आकडा तीनपेक्षा कमी आला, तर नव्या मॉडेलचा विचार सोडू नका, फक्त घोषणा पुढे ढकला. आधी पैसे साठवा, जुना माल संपवा.

पुढच्या व्हिडिओत 'जुना स्टॉक नुकसान न करता कसा काढायचा' हे बघू. तोपर्यंत आकडे लिहा, विचार करा आणि कामाला लागा!